माउस ट्रॅकिंग करताय? या चुका टाळा, ग्राफच्या गोड वळणाला भुलू नका

माउस ट्रॅकिंग म्हणजे स्क्रीनवर वर डावीकडे आणि उजवीकडे दोन उत्तरं ठेवायची, लोकांनी खालून कर्सर नेऊन एक निवडायचं, आणि कर्सरच्या वाटेवरून मनात काय चाललं होतं ते ताडायचं. माझ्या थिसिसचा पहिला ग्राफ आला तेव्हा मी जाम खूश झाले होते, काय सुंदर वळण! खालून निघालेला कर्सर चुकीच्या उत्तराकडे हळूच झुकतो आणि मग बरोबर उत्तरावर जातो, म्हणजे मनात दोन्ही उत्तरांची ओढाताण चालू होती, झालं, निष्कर्ष तयार. गाईडने एवढंच विचारलं, "एकेकाच्या रेघा काढून बघितल्यास का?"

नव्हत्या बघितल्या. काढल्या तर बहुतेक रेघा सरळसोट उत्तराकडे गेलेल्या, आणि थोड्या तडक चुकीच्या बाजूला जाऊन मग झटकन वळलेल्या. म्हणजे ते गोड वळण एकाही माणसाने काढलं नव्हतं, ते फक्त सरासरीने काढलं होतं! थोडं झुकणं वेगळं आणि मत बदलणं वेगळं, म्हणून आधी सगळ्या रेघा एकावर एक टाकून बघा, मग सरासरी. बायमोडॅलिटी कोइफिशंट (डेटात एक गट की दोन, याचा अंदाज देणारा आकडा) ०.५५५ च्या वर गेला की दोन गट असावेत असं धरतात, पण डेटा एका बाजूला कललेला असला तरी तो आकडा वाढतो, त्यामुळे डोळ्यांनी बघायला पर्याय नाही.

अजून एक येडेपणा केला होता. बरोबर उत्तर कधी डावीकडे कधी उजवीकडे ठेवलेलं (ते ठेवायलाच हवं), पण डावीकडच्या रेघा उलटवून एका बाजूला आणायचं विसरले, मग सरासरी आली खांबासारखी उभी.

आता सेटअप. लोक स्टार्ट बटण दाबतात, हात तसाच ठेवून शांतपणे विचार करतात आणि ठरलं की सरळ रेघ मारतात. अशा रेघेत विचार सापडणार कुठून, तो आधीच उरकला ना. उपाय म्हणजे कर्सर थोडा वर सरकल्याशिवाय प्रश्न दाखवायचाच नाही, किंवा निघायला उशीर झाला तर वॉर्निंग द्यायची. आणि हालचाल सुरू व्हायला किती वेळ लागला तो आकडा रिपोर्ट करा, लपवू नका.

माउसची सेटिंग्ज तर कोणी बघतच नाही. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू असेल तर हात जोरात हलवला की कर्सर जास्तच पळतो, ते बंद करा, स्पीड सगळ्या मशीनवर सारखा ठेवा. घरून भाग घेणाऱ्यांत कोण टचपॅडवर, कोण माउसवर, ते निदान विचारून तरी ठेवा.

सरासरी काढता यावी म्हणून प्रत्येक रेघेचे वेळेनुसार १०१ समान टप्पे करतात, ठीक आहे, पण मग ७०० मिलिसेकंदांची रेघ आणि ३ सेकंदांची रेघ सारख्याच लांबीची होते. "पन्नासाव्या टप्प्यावर फरक दिसला" याचा अर्थ "अमुक मिलिसेकंदाला दिसला" असा होत नाही, मुलं व्हायवामध्ये इथेच अडकतात.

शेवटचा मुद्दा माझा आवडता, भाषांतर. २००५ मध्ये स्पायव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कँडल ऐकताना शेजारी कँडीचं चित्र असेल तर हात तिकडे ओढला जातो. मराठीत मेणबत्ती आणि गोळी ठेवून काय उपयोग, आवाज जुळतो कुठे? बटाटा आणि बटण घ्या. नंतर २००७ मध्ये डेल वगैरेंनी प्राण्यांवर केलं, व्हेल सस्तन की मासा, आणि हात माशाकडे झुकला. आम्ही तो शब्द सरळ देवमासा केला. अहो, नावातच मासा! झुकाव आला, पण तो प्राण्यामुळे की शब्दामुळे ते सांगता येईना, ती ट्रायल सोडून द्यावी लागली. त्याऐवजी वटवाघूळ घेतलं, सस्तन की पक्षी असं विचारून. नावात पक्षी नाही, पंख मात्र आहेत.