सोलापुरात राहून ऑनलाइन बी.लिब. करायचंय? फी भरायच्या आधी हे करा

घरी बसून बी.लिब., म्हणजे लायब्ररी सायन्सची (ग्रंथालयशास्त्राची) पदवी करता येतं का, असं बरेच जण विचारतात, त्यात जास्त करून घर-संसार सांभाळणाऱ्या ताई नाहीतर कुठल्यातरी वाचनालयात आधीपासून काम करणारी मुलं असतात. येतं की. पण हे काम हातानं शिकायचं आहे, स्क्रीनवर निम्मंच कळतं, म्हणून बाकीचं निम्मं कुठं शिकणार ते आधी ठरवा.

पहिलं काम मान्यता बघायची. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या साईटवर मान्यता असलेल्या कोर्सेसची यादी असते, त्यात नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, बी.लिब. हाच कोर्स तिथं आहे का आणि तुम्ही घेताय त्या सत्राला परवानगी आहे का ते तपासा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एजंटच्या शब्दावर पैसे भरले आणि कोर्स यादीतच नव्हता, तिचे पैसे गेले आणि वर्षही गेलं, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय. मान्यता असेल तर पुढची काळजी नको, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातली पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, इथून खूप जण करतात, पण ते मुख्यतः दूरशिक्षण आहे, म्हणजे अभ्यास केंद्र असतं आणि परीक्षेला जावं लागतं, तेव्हा केंद्र सोलापुरात मिळतंय की पुण्याला पळायचं हे विचारून घ्या.

बी.लिब.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, कोर्स एक वर्षाचा, मग एम.लिब., म्हणजे यातलीच पदव्युत्तर पदवी, अजून एक वर्ष. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं मनात असेल तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, हे आत्ताच डोक्यात ठेवा, नाहीतर बी.लिब. झाल्यावर जाहिरात वाचून जीव खट्टू होतो.

फी भरायच्या आधी पंधरा दिवस इग्नूच्या ई-ज्ञानकोश या साईटवर जाऊन लायब्ररी सायन्सची युनिट्स फुकट वाचा. वर्गीकरण (पुस्तकाला विषयाप्रमाणे नंबर देणं) आणि तालिकीकरण (पुस्तकाची माहिती ठरावीक पद्धतीनं सूचीत नोंदवणं) हे दोन विषय वाचून कंटाळा आला तर हा रस्ता तुमचा नाही, पुस्तकं वाचायची आवड असणं वेगळं आणि हे वेगळं.

आता हाताच्या कामाचं. जवळच्या वाचनालयात जा, शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तालुक्याला असाल तर तिथलं सार्वजनिक वाचनालय असेलच, आणि ग्रंथपाल सरांना नाहीतर मॅडमना सरळ सांगा की मी बी.लिब. करणार आहे, संध्याकाळी दोन तास बसू द्या, पैसे नकोत. सगळीकडे हो म्हणतीलच असं नाही, दोन-तीन ठिकाणी विचारा. बसायला मिळालं की दाखल नोंदवहीत, म्हणजे नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक चढवतात त्या वहीत, नोंद कशी करतात ते बघा आणि रोज पाच पुस्तकं घेऊन स्वतः ड्यूई दशांश वर्गीकरणाचा, म्हणजे विषयाला आकडा देणाऱ्या पद्धतीचा, नंबर काढा, नंतर पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलाशी ताडून बघा. आपलं सोलापुरी चादरीचं उदाहरण घ्या ना, मागावर ती कशी बनते यावर पुस्तक असेल तर ६७७, कापड उद्योगात, पण विणकामाकडे कला म्हणून बघणारं असेल तर ७४६. म्हणजे नुसतं नाव वाचून नंबर देता येत नाही, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका उघडावीच लागते, आणि ही सवय व्हिडिओ बघून लागत नाही. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं, तो नंबर तर तुम्हाला इतक्यांदा लिहावा लागेल की पाठच होईल.

कॉम्प्युटरवर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर शिका, मोफत आहे, इंटरनेटवर त्याचे डेमो मिळतात, त्यात दहा-वीस मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये भरून बघा. मोबाईलवर लेक्चर ऐकता येतं, कोहाचं काम मात्र मोबाईलवर जमणार नाही, लॅपटॉप नसेल तर कुणाचा तरी आठवड्यातून दोनदा मागा.

शेवटी कागदपत्रं. अ‍ॅडमिशनला डीईबी आयडी लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमच्या शिक्षणाचं ऑनलाइन खातं) आयडी, ते शेवटच्या तारखेवर ठेवू नका, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल, लग्नानंतर बदललं असेल, तर पहिल्यांदा ते दुरुस्त करून घ्या.