बेसिनचा काठ कोपराच्या वर गेला तेव्हा

बाथरूमचे नूतनीकरण करताना मी ३२ इंच उंचीचा ग्रॅनाइटचा ओटा बांधून घेतला आणि त्यावर हौसेने ६ इंच उंच टेबलटॉप बेसिन बसवले. काठ जमिनीपासून ३८ इंचांवर गेला, हे मात्र मी मोजलेच नाही. चार फूट दहा इंच उंचीची माझी आई तोंड धुवायला उभी राहिली की ओंजळीतले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि तिच्या बाह्या रोज भिजत, हे पाहून मला फार वाईट वाटले.

ओटा फोडण्याऐवजी मी बेसिनच बदलले. कारागिराने ग्रॅनाइट जागेवरच कापले, अंडरकाउंटर बेसिन खालून लोखंडी अँगलवर टेकवून सांधा सिलिकॉनने भरला आणि काठ ३२ इंचांवर आला. जुना उंच नळ तसाच ठेवला असता, तर धार लांबून पडून पाणी उडाले असते, म्हणून तोही आखूड घेतला. टेबलटॉप बेसिनच्या बुडाशी साचणारा क्षारांचा पांढरा थरही आता घासावा लागत नाही. उंची ठरवताना ओट्याची नव्हे, काठाची मोजावी आणि घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला तिथे उभे करून पाहावे.