ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी मदरबोर्डावर काय पाहावं

विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बोर्डाचं मॉडेल दिसेल. त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या.

बोर्डावर लांब पीसीआय एक्सप्रेस एक्स१६ स्लॉट असला की कार्ड बसतं. पीसीआय एक्सप्रेसच्या ४.० आवृत्तीचं कार्ड जुन्या ३.० च्या स्लॉटमध्येही चालतं, फक्त वेग ३.० चा मिळतो. बहुतेक कार्डांना त्याने फारसा फरक पडत नाही, पण एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड चारच लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते चांगलंच मंदावतं. जुन्या बोर्डासाठी ते घेऊच नका. कार्ड प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्येच लावा; खालचा तेवढाच लांब दिसला तरी त्याला अनेकदा चारच लेन असतात. इंटेल आर्क कार्ड घेणार असाल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) 'रिसाइझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे ना, ते आधी बघा.

खरी अडचण बहुधा बोर्डाबाहेरच येते. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, सहा पिनांची केबल आणखी ७५, आठ पिनांची १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. त्यासाठी पॉवर सप्लाय ५५० वॅटचा हवा. शेवटी कॅबिनेटमध्ये टेप धरा: मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत, म्हणजे कार्डाची लांबी मावेल का ते कळेल. साटा केबलींची (हार्ड डिस्क, एसएसडी जोडणाऱ्या) तोंडं कार्डाखाली दबत नाहीत ना, तेही पाहा.