महाराष्ट्र दिनासाठी एफएम केंद्राने प्रसिद्धी कशी आखावी

१ मे हा महाराष्ट्र दिनही आहे आणि कामगार दिनही, त्यामुळे मुंबईतल्या केंद्राने दोन्हींना जोडणारा उपक्रम निवडावा. माझ्या मते सर्वांत परिणामकारक ठरतात ते त्या सुट्टीतही कामावर असणाऱ्यांचे आवाज. लोकलचे मोटरमन, बेस्टचे वाहक, परिचारिका आणि सफाई कर्मचारी यांची मिनिटभराची मनोगते, त्यांच्या कार्यालयांची परवानगी घेऊन, आधीच्या आठवड्यात ध्वनिमुद्रित करावीत आणि अशी नावे श्रोत्यांकडूनच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावीत. मुलाखतीत ‘कसे वाटते?’ असे विचारू नये. ‘आज डबा किती वाजता उघडलात?’ असे विचारले की माणूस मोकळेपणाने बोलू लागतो, आणि मागचा स्थानकाचा गलबला कापून टाकू नये, कारण मुंबईकर त्यावरूनच जागा ओळखतो.

इतिहास थोडका पण अचूक असावा. १९६० साली राज्य स्थापन झाले, त्यामागे हुतात्मा चौकाची स्मृती आहे आणि लालबाग-परळच्या गिरणी कामगारांचा लढाही आहे. तिथल्या ज्येष्ठ रहिवाशांच्या आठवणी प्रश्नमंजूषेपेक्षा जास्त ऐकल्या जातील.

शिवाजी पार्कवर सकाळी शासकीय सोहळा असतो, म्हणून आपला मैदानी कार्यक्रम उन्हे उतरल्यावर, संध्याकाळी पाचनंतर ठेवावा आणि बक्षिसांसोबत कोकम सरबतही द्यावे. कार्यालये बंद असल्याने नेहमीच्या प्रवासवेळेऐवजी उशिराच्या सकाळी मुख्य जाहिराती लावाव्यात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे निवेदकांच्या संहिता आधीच तपासून घ्याव्यात.