न्यूरोटॉक्सिकॉलॉजीत पीएचडी करायची असेल तर

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली विचारतात, "मॅडम, या विषयात नेमकं करतात काय?" विषद्रव्यं चेतासंस्थेचं काय करतात ते शोधायचं, एवढं म्हणून मी त्यांना लाखोडीच्या डाळीबद्दल सांगते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतल्या ओलीवर येणारं हे पीक. इतर जेवणाबरोबर थोडीशी खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण दुष्काळात दुसरं काही पिकत नाही, महिनोन्महिने हीच पोटात जाते, आणि काहींचे पाय ताठरतात ते कायमचेच. हा लॅथिरिझम. या डाळीतलं ओडॅप हे विषद्रव्य १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वेगळं केलं. ते चेतापेशींवरच्या ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याच्या रिसेप्टरना चिकटतं आणि पेशी अतिउत्तेजित होऊन मरते. डाळ तीच, किती खाल्ली आणि किती दिवस, यावर सगळं ठरतं.

म्हणून पहिली गोष्ट: डिशमधल्या पेशी मारून दाखवणं म्हणजे संशोधन नव्हे. मीठ जास्त घातलं तरी पेशी मरतात. खरा प्रश्न सुरू होतो पेशी मरत नाही त्या मात्रेवर. तिचे तंतू आखूड होतायत का? मायटोकाँड्रिया मंदावलेत का? फवारणी करणाऱ्या मजुराच्या शरीरात कीटकनाशकाची जी पातळी खरोखर सापडते, तिच्या शंभरपट मात्रेवर काढलेला आलेख कितीही देखणा असो, त्या मजुराबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट पेशीच्या निवडीची. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम अमली द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागली. कारण निघालं एमपीटीपी. गंमत अशी की एमपीटीपी स्वतः चेतापेशीला मारत नाही. शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशीमध्ये त्याचं रूपांतर होतं, तयार झालेलं द्रव्य डोपामिनच्या वाहकातून चेतापेशीत शिरतं आणि तिचा ऊर्जेचा पुरवठा तोडतं. नुसत्या चेतापेशींच्या डिशमध्ये एमपीटीपी टाकून "परिणाम नाही" असं कुणी लिहिलं, तर तो निष्कर्ष त्या डिशपुरताच. सुरुवातीला बहुतेकांच्या हाती एसएच-एसवाय५वाय पेशी येतात. त्या चांगल्याच आहेत, पण मुळात न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या. रेटिनोइक ॲसिड देऊन त्यांना चेतापेशीसारखं घडवायचं की नाही, हे प्रश्न पाहून ठरवा.

आता एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे पाहायची रंगाची चाचणी. पिवळा रंग घालायचा, जिवंत पेशीतली एन्झाइम्स त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला मोजायचे. सोपं आहे, म्हणूनच जपून. आपल्याकडे वनस्पतींच्या अर्कांवर बरेच प्रकल्प होतात, आणि अँटिऑक्सिडंट अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतो. म्हणजे पेशी मेलेल्या असल्या तरी आकडा म्हणेल, "ठणठणीत!" प्रत्येक प्लेटमध्ये पेशींशिवायचा, फक्त माध्यम आणि अर्काचा एक वेल (प्लेटमधला खळगा) ठेवाच. नुसत्या डीएमएसओचाही ठेवा. शिवाय एमटीटी मोजतं ते एन्झाइमचं काम, मेलेल्या पेशींचा आकडा नव्हे. जोडीला एलडीएचसारखी, फुटलेल्या पेशीतून बाहेर आलेलं एन्झाइम मोजणारी दुसरी चाचणी हवी.

पेशींच्या डिशमध्ये शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूंची तर मला खरीखुरी धास्ती वाटते. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि पेशींचं वागणं मात्र बदललेलं असतं. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या भांडारातून पेशी घ्या, ओळखीच्या लॅबमधून डब्यात आलेल्या नकोत. आल्या आल्या मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी करा, पुढेही नियमित करत राहा.

प्रवेशाचं थोडक्यात: बायोकेमिस्ट्री, प्राणिशास्त्र, बायोटेक, फार्मसी, कुठूनही येता येतं. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) बेट या परीक्षा द्या. २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. लखनौची आयआयटीआर ही खास विषशास्त्राचीच संस्था आहे. तिथल्या गटांचे पेपर वाचून मग ईमेल करा. नंतर अध्यापन, पोस्टडॉक, किंवा औषध आणि कीटकनाशकांची सुरक्षितता तपासणाऱ्या जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचे ठरलेले नियम पाळणाऱ्या) प्रयोगशाळा, अशा वाटा आहेत. या तिसऱ्या वाटेला कॉलेजात कमी लेखतात; मला ते पटत नाही. बाजारात येण्याआधी रसायन तपासणारे हात तिथेच असतात.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांच्या संख्येपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. नकारात्मक निकाल आला की लॅब मीटिंगमध्ये काय होतं, एवढं विचारलंत तरी बरंच कळेल.