पाळी लांबली आणि शंका आली, तर काय करावे?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई ही देवी घरोघर बसते. तिच्या नैवेद्याच्या, म्हणजे रोटांच्या, त्या दिवसांत आपण नेमक्या बाजूला बसलेल्या नसाव्यात, म्हणून अनेक सुना आधीपासूनच पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. सण पार पडतो, गोळ्या थांबतात, आणि दोन-तीन दिवसांत यायला हवी असलेली पाळी आठवडा उलटला तरी येत नाही. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. त्या पाळी लांबवतात. दिवस राहू नयेत म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही, त्यामुळे मनात आलेली शंका रास्तच असते. तिचा निकाल लावण्याची रीत अवघड नाही, परंतु ती तारखांच्या हिशेबावर उभी आहे आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

हिशेब रक्तस्राव सुरू झालेल्या पहिल्या दिवसापासून करावा, पाळी संपल्या दिवसापासून नव्हे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ३५ दिवसांचे अंतर प्रौढ स्त्रीत नियमित समजले जाते, आणि नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षे ते ४५ दिवसांपर्यंतही जाऊ शकते. म्हणजे ३३व्या दिवशी आलेली पाळी ‘चुकलेली’ नसते. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडते, त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात ते १४व्या दिवसाच्या सुमारास, तर ४२ दिवसांच्या चक्रात २८व्या दिवसाच्या सुमारास सुटते. पुढची पाळी कधी येणार हेच ज्या स्त्रीला ठाऊक नाही, तिला हा दिवस आधी कळणे शक्य नाही. शिवाय शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून अनियमित पाळी असणाऱ्या स्त्रीने ‘सुरक्षित दिवसां’च्या भरवशावर अजिबात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा स्त्रीला ‘पाळी चुकल्यावर चाचणी करा’ हा नेहमीचा सल्लाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण ती चुकली केव्हा हेच ठरत नाही. तिने निरोधाविना झालेल्या शेवटच्या संबंधाची तारीख धरावी, तिच्यापुढे २१ दिवस मोजावेत आणि मग चाचणी करावी. त्याआधी आलेल्या ‘नाही’ या उत्तरावर विसंबू नये. २१ दिवसांनंतर नीट केलेल्या चाचणीतले ‘नाही’ मात्र बरेच भरवशाचे असते. तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने आणखी एकदा चाचणी करून विषय संपवावा. मधल्या काळात एखाद-दोन दिवस नुसते डाग लागले, तर त्याला पाळी समजू नये, कारण गर्भधारणेच्या सुरुवातीलाही असे डाग लागू शकतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी दर महिन्याला एक बारीक टिंब दिले, तरी हे सारे मोजणे सोपे होते, आणि त्या टिंबाचा अर्थ घरात दुसऱ्या कोणाला कळण्याचे कारण नसते.

आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचे चाचणी किट मोफत मिळते आणि कोणत्याही मेडिकलमध्ये अशी किट विकत मिळतात. लहान गावात मेडिकलवाला नात्यातलाच निघतो, हे खरे. तेव्हा जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याला बाजाराला गेल्यावर किट घेऊन ठेवण्यात काहीही गैर नाही. चाचणीसाठी सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी. पाकीट ऐनवेळी फोडावे, पट्टी सपाट जागेवर ठेवावी आणि सोबतच्या नळीने कागदावर सांगितले असतील तेवढेच थेंब खाचेत टाकावेत. पाच मिनिटांनी पाहावे. ‘सी’ या अक्षरापाशी रेघ उमटली नाही, तर किटच बाद समजावे. ‘सी’ आणि ‘टी’ अशा दोन्ही ठिकाणी रेघा उमटल्या, तर दिवस राहिले आहेत असे धरावे, मग ‘टी’ची रेघ कितीही पुसट असो. अर्ध्या-पाऊण तासाने पट्टी पुन्हा उचलून पाहू नये. वाळलेल्या पट्टीवर उमटणारी करडी रेघ उगाच झोप उडवते.

गर्भनिरोधकांमुळेही पाळी हलते, आणि ते आधी कोणी सांगितलेले नसले की घाबरगुंडी उडते. ७२ तासांच्या आत घ्यायच्या आपत्कालीन गोळीनंतर पाळी काही दिवस अलीकडे किंवा पलीकडे जाते. आठवड्याहून अधिक लांबली, तर चाचणी करावी. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘छाया’ गोळीने पाळीतले अंतर वाढू शकते, आणि तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने पाळी पूर्णपणे थांबूही शकते. इंजेक्शनच्या तारखा पाळल्या असतील, तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. अंगावर पाजणाऱ्या आईने मात्र पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पहिली पाळी येण्याआधीही स्त्रीबीज सुटते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीनेही ‘आता पाळी जायला आली’ असे ठरवण्याआधी चाचणी करावी.

शहाद्याकडे पपईच्या बागा आहेत, आणि पपई किंवा तीळगुळाचा काढा घेतला की ‘मोकळे होते’ ही समजूतही घरोघर आहे. यांनी ना पाळी हमखास येते, ना राहिलेले दिवस जातात. हातातले आठवडे तेवढे वाया जातात.

चाचणीत ‘नाही’ आले, तर पाळी का हलली याचा शोध घ्यावा. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून स्त्रीबीज वेळेवर न सुटणे), थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढणे, वजनातला मोठा चढउतार, मोठे आजारपण, परीक्षेचा किंवा घरचा ताण, ऊसतोडीसारखे अंग मोडणारे काम, अशी कारणे असू शकतात. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा वारंवार २१ दिवसांच्या आत अथवा ३५ दिवसांनंतर येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते.

‘हो’ आले आणि मूल हवे असेल, तर लवकर नोंदणी करावी. पाळी अनियमित असल्यास दिवस किती भरले हे सोनोग्राफीवरूनच नीट कळते. मूल नको असेल, तर १९७१च्या कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनुसार मान्यताप्राप्त केंद्रात, कायद्याने मान्य केलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करून घेता येतो, आणि काही गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन त्या डॉक्टरांवर असते. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. गर्भपाताच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत अडकलेला असेल, तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, किंवा तासाला दोन पॅड भिजतील इतके अंगावरून जाणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता १०८वर फोन करावा.

दवाखान्यात पहिला प्रश्न ‘शेवटची पाळी कधी आली?’ हाच असतो. तेव्हा कॅलेंडरचे ते पान आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाकूनच घरून निघावे.