भीती कोणाची? : हॉब्ज, लॉक आणि रूसो वाचण्याची एक पद्धत

शासन कशासाठी असते आणि माणसाचे हक्क कोठून येतात, या प्रश्नांची आज आपल्या अंगवळणी पडलेली उत्तरे बऱ्याच अंशी सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपात घडली. ती मुळातून वाचू पाहणारे बहुतेक जण इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्जचा ‘लेव्हायथन’ हा राज्यसत्तेवरील ग्रंथ पहिल्या पानापासून उघडतात, इंद्रियसंवेदनांवरील विवेचनात अडकतात आणि ग्रंथ कपाटात ठेवून देतात. ठाण्यात आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी जमून वाचन करतो; पहिल्या खेपेस आमचेही नेमके तेच झाले. नंतर जी पद्धत हाती लागली ती अशी की, कोणत्याही लेखकाचा सिद्धान्त समजून घेण्यापूर्वी त्याला भीती कोणाची वाटत होती, हे शोधावे.

हॉब्जच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण आईने आपल्याला आणि भीतीला जुळे म्हणून जन्म दिला, असे तो स्वतःच लिहून गेला आहे. १५८८ साली जन्मलेल्या या माणसाने १६४० मध्ये पॅरिस गाठले. मायदेशी, इंग्लंडमध्ये, यादवी युद्ध पेटले, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाला. एवढी पार्श्वभूमी सांगून गटाने थेट तेराव्या प्रकरणाकडे वळावे. सर्वांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर प्रत्येक जण प्रत्येकाचा शत्रू होतो, आणि आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी व अल्प ठरते, हे प्रसिद्ध वर्णन तेथे आहे. त्यानंतर सतरावे आणि अठरावे प्रकरण घ्यावे. तेथे एक बारकावा हमखास निसटतो: राज्य उभारण्याचा करार लोक एकमेकांशी करतात, सार्वभौम सत्ताधीश त्यात पक्षकारच नसतो, म्हणून त्याने करार मोडला अशी तक्रार करण्यास जागाच उरत नाही. मात्र एकविसाव्या प्रकरणात हाच हॉब्ज सांगतो की, स्वतःचा जीव घेण्याची आज्ञा झाली तर ती न पाळण्यास माणूस मोकळा आहे. ज्या भीतीपोटी राज्य उभारले, तीच राज्याची सीमा ठरते. आमच्या गटात हे समजण्यास गृहनिर्माण संस्थेचा दाखला उपयोगी पडला. समितीतील भांडणे विकोपाला जाऊन पाणी आणि उद्वाहन दोन्ही बंद पडली की, ‘एकदाचा प्रशासक नेमा’ म्हणणारे सभासद हॉब्जचेच बोलत असतात.

दुसरा इंग्लिश तत्त्वज्ञ लॉक याला मात्र प्रशासकाचीच भीती वाटते. त्याचे ‘शासनविषयक दोन प्रबंध’ १६८९ च्या अखेरीस बाजारात आले आणि मुखपृष्ठावर १६९० हे साल छापले गेले, त्यामुळे १६८८ च्या इंग्लिश राज्यक्रांतीचे समर्थन म्हणून ते लिहिले गेले असा समज होतो. वास्तविक त्यांचा बराच भाग त्यापूर्वीच, राजाशी संघर्ष चिघळलेला असताना लिहून झाला होता, आणि १६८३ मध्ये लॉकला हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला होता. दुसऱ्या प्रबंधातील दुसरे, पाचवे, आठवे आणि एकोणिसावे प्रकरण निवडावे. शासन हे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने विश्वासघात केला तर सत्ता लोकांकडे परत येते, हा त्याचा गाभा होय. ‘अत्याचारांची लांबलचक मालिका’ हा त्याचा शब्दप्रयोग १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जवळपास जसाच्या तसा आढळतो. आठव्या प्रकरणात मूकसंमतीचा युक्तिवाद येतो: राज्यातील महामार्गावरून मोकळेपणाने प्रवास करणाऱ्यानेही तेथील शासनाला तेवढ्यापुरती संमती दिलेली असते. वाहतूककोंडीच्या घोडबंदर रस्त्याने येणाऱ्या आमच्या सभासदांना यातील ‘मोकळेपणाने’ हा शब्द फार झोंबला. पण हसू ओसरल्यावर संमती खरोखर केव्हा दिली जाते, यावर दीड तास चर्चा झाली.

पाचव्या प्रकरणाला स्वतंत्र बैठक द्यावी, कारण तेथे आपला परिसर आपोआप चर्चेत येतो. निसर्ग सर्वांचा आहे, परंतु माणूस आपले श्रम त्यात मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. समुद्रातील मासा पकडणाऱ्याचा होतो, हे उदाहरण लॉक स्वतःच देतो. आता नवी मुंबईकडे पाहावे. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे योजनेत उतरले. गटासमोर प्रश्न ठेवावा: सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचा हक्क स्पष्ट आहे, पण मिठागरात राबलेल्या मजुराचा आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचा हक्क लॉकच्या हिशेबात कोठे बसतो? याच प्रकरणात लॉक अमेरिकेतील न कसलेली जमीन पडीक मानतो, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या भूमीवर वसाहती करणाऱ्यांना त्याचा आधार मिळतो. आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे समभाग होते, हेही झाकून ठेवू नये. येथेच आपल्या राज्यघटनेची नोंद घ्यावी. मालमत्तेचा हक्क आरंभी मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढला आणि कलम ३०० अ मध्ये केवळ कायदेशीर हक्क म्हणून ठेवला.

फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूसाठी अर्धी बैठक पुरते. ‘कायद्यांचे मर्म’ या १७४८ च्या ग्रंथातील अकराव्या भागाचे सहावे प्रकरण वाचावे, कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे हात एक झाले की स्वातंत्र्य संपते हा मुद्दा टिपावा, आणि न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्यास सांगणारे आपल्या घटनेचे कलम ५० शेजारी ठेवावे. बाकीचा ग्रंथ विस्तीर्ण व मनोरंजक आहे, पण या कामासाठी अनिवार्य नाही.

रूसोला परक्या सत्तेपेक्षा स्वार्थाने फुटलेल्या समाजाची भीती आहे. १७६२ चा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ जिनिव्हा या त्याच्या जन्मगावीच जाळण्यात आला. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात तो सर्वांच्या इच्छांची बेरीज आणि समाजाची सामुदायिक इच्छा यांत भेद करतो. हा भेद व्याख्येने सांगू नये, गच्चीच्या गळतीने सांगावा. तळमजल्यावरील सभासद म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर नाही. वरच्या मजल्यावरील म्हणतात, आवाराच्या फरसबंदीत आम्हाला रस नाही. दोघांच्या मागण्या जोडून जे निघते ती बेरीज, आणि इमारत टिकली पाहिजे हे ध्यानात घेऊन प्रत्येक जण जे मत देईल ती सामुदायिक इच्छा. उदाहरण पटले की लगेच त्याची धोक्याची बाजूही दाखवावी: इमारतीचे खरे हित आपल्यालाच कळते, असे सचिव म्हणू लागला तर त्याला अडवणार कोण? सामुदायिक इच्छा न जुमानणाऱ्याला स्वतंत्र होण्यास भाग पाडले जाईल, हे रूसोचे वाक्य त्या वेळी वाचावे. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातील सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य तेच आहे.

शेवटच्या बैठकीत करार करताना खोलीत कोण नव्हते, हे पाहावे. सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सर्व स्त्रिया जन्मतः गुलाम कशा, असा प्रश्न इंग्लिश लेखिका मेरी ॲस्टेलने १७०६ मध्येच विचारला होता. सभेत मत नसलेला भाडेकरू आणि चार घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाई यांची आठवण येथे कोणीतरी काढतेच. नाही काढली तर आपण काढावी. मग जोतीराव फुल्यांकडे यावे. त्यांनी तरुणपणी थॉमस पेनचा ‘मानवी हक्क’ हा ग्रंथ वाचला होता, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून लिहिली. ती अर्पणपत्रिका गटातील कोणीतरी मोठ्याने वाचावी आणि त्यानंतर लॉकचे पाचवे प्रकरण पुन्हा उघडावे.